सकाळचं व्होल्टेज

चिप बसवलेलं प्लेस्टेशन सुरू होतं, लाल दिवा हिरवा होतो, पंखा फिरायला लागतो आणि टीव्हीवर मात्र काळोख. अशा वेळी बहुतेक जण चिपला शिव्या देतात. माझा मामा देत नसे. "चिप मरेल नसते भो, जोड मरेल असतो," असं म्हणून तो स्क्रू काढायला घ्यायचा. चिप बसवून द्यायची मजुरी त्याला मिळायचीच, पण त्याचं खरं कसब दिसायचं ते दुसऱ्या कुणीतरी वाईट सोल्डरिंग करून बिघडवलेला डबा त्याच्या टेबलावर आला की.

मामाचं दुकान पिंप्राळ्यात, घराच्या ओट्याला शटर लावून केलेलं. पिंप्राळा आता जळगाव शहरात गेलं असलं तरी आषाढी एकादशीला तिथे विठ्ठलाचा रथ निघतो तेव्हा ते पुन्हा गाव होतं. आम्ही धुळ्याचे. सुट्टीत पारोळा, एरंडोल करत येणारी एसटी बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडायची आणि खोटेनगरला उतरून आम्ही पायी मामाकडे जायचो. दुकानाच्या पाटीवर शेवटपर्यंत टीव्ही-रेडिओ रिपेअरिंगच लिहिलेलं होतं. आत मात्र २००४-०५पासून टीव्ही कमी आणि प्लेस्टेशन टू जास्त दिसायला लागली होती. ताशी भाड्याने गेम खेळू देणारी दुकानं गल्लोगल्ली निघाली होती, आणि त्या मशिनांचा डॉक्टर म्हणून मामाचं नाव हुडको, शिव कॉलनीपासून गोलाणी मार्केटपर्यंत गेलं होतं.

आजोबा सोनारकाम करायचे. जळगावच्या सराफ्यातून घडणीचं काम घरी यायचं. साखळीची कडी न् कडी जुळवून, टाकणखार लावून, फुंकणीने ज्योत वळवून ते ती झाळायचे. मामा ते काम शिकला आणि त्याने ते सोडलंही. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा कोर्स करून तो ओट्यावर बसला. आजोबांना हे लागलं होतं, असं आई सांगायची. मला मात्र दोघांचं बसणं सारखंच आठवतं: पाठीत वाक, कोपर टेबलाला टेकलेलं, श्वास अर्धा धरलेला.

चिप काय करते, ते मामाने मला पहिल्या प्लेस्टेशनवर समजावलं होतं. सोनीच्या त्या सीडीच्या सुरुवातीच्या भागातली खोबण मुद्दाम डुलती ठेवलेली असे आणि त्या डुलण्यात चार अक्षरं दडवलेली असत: जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. घरच्या सीडी रायटरला तशी डुलती खोबण काढता येत नाही. त्यामुळे कॉपी केलेली सीडी घातली की मशीन ती अक्षरं शोधत राहतं आणि हार मानतं. आठ पायांचा एक पिक मायक्रोकंट्रोलर योग्य ठिकाणी जोडला की तो स्वतःच ती अक्षरं मशीनला ऐकवतो. तिथे मोजक्या तारांत काम भागायचं. पीएस टूला मॉडेलनुसार वीस-पंचवीस तारा लागायच्या, त्याही पाव मिलिमीटर जाडीच्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा मशीनला जागं करणाऱ्या बायॉस चिपच्या एकमेकांना खेटून असलेल्या पायांवर बसवायच्या.

हे चोरीचं काम होतं का? बहुतांशी होतं. मूळ डिस्क हजाराच्या घरात, आणि तिची कॉपी वडापावच्या दोन-चार प्लेटींच्या भावात. मामालाही ते माहीत होतं आणि त्याने त्याचं कधी तत्त्वज्ञान केलं नाही. ऑस्ट्रेलियात सोनीने सिडनीच्या स्टीव्हन्स नावाच्या माणसावर मॉडचिपसाठी खटला भरला, तेव्हा ६ ऑक्टोबर २००५ला तिथल्या हायकोर्टाने, म्हणजे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, स्टीव्हन्सच्या बाजूने निकाल दिला होता. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आलं आणि असं डिजिटल कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. तोवर पीएस टूचाच जमाना सरत आला होता. कायद्याने मामाचं दुकान बंद केलं नाही. ते बंद होण्याची कारणं वेगळी होती.

मामाची फॉल्ट शोधायची रीत अशी. आधी हत्यार न उचलता बोर्ड तिरका धरून उजेडात फिरवायचा. चांगला जोड तारेवरून पायावर उतरत गेलेला असतो, कडेला खोलगट. वाईट जोड फुगीर असतो. तारेभोवती सोल्डरची गोळी झालेली असते आणि तळाशी एक बारीक काळी रेघ. ती रेघ दिसली की समजायचं, तार पायाला टेकली आहे, धरलेली नाही. गंमत म्हणजे मीटर लावलं तर बीप येतो, कारण टेकलेल्या तारेतूनही वीज जाते. म्हणून मामा नुसत्या बीपवर भरवसा ठेवत नसे. लाकडी काडीने तो तार हलकेच ढकलायचा आणि मान कलती करून ऐकायचा. बीप जरा जरी अडखळला तरी "हे पाह्य, खोटं बोलते," म्हणून त्या जोडाशेजारी स्केचपेनने ठिपका द्यायचा. सगळे ठिपके देऊन होईपर्यंत आयर्न तापवायचं नाही, असा नियम होता. अर्धवट तपासून सुरुवात केली की माणूस पहिल्या सापडलेल्या दोषावर खूश होतो, हे त्याचं म्हणणं मला पुढे इतर ठिकाणीही कामाला आलं.

जोड वाईट का होतो, याची उत्तरं त्याच्याकडे तयार होती. सोल्डर आयर्नच्या टोकाला, बिटवर, वितळवून तारेवर थापलं की गोळी होणारच. आधी पाय आणि तार तापली पाहिजेत, मग सोल्डर आपोआप ओढलं जातं. तापलेल्या धातूवर हवेमुळे ऑक्साइडचा पापुद्रा चढतो, तो राळ खाऊन टाकते. आजोबांचा टाकणखार सोन्यावर हेच काम करायचा. राळ जळून गेल्यावरही आयर्न घासत राहिलं तर सोल्डर चिवट होतं, उचलताना शेपट्या निघतात आणि शेजारच्या पायाला पूल बांधला जातो. ग्राउंडची तार आणखी त्रासदायक, कारण बोर्डातला तांब्याचा पसारा उष्णता पिऊन घेतो आणि पंचवीस वॉटचं आयर्न तिथे गुदमरतं. उलट बारीक ट्रॅकवर जास्त वेळ टेकलं की प्रिंट उखडते. मग हिरवा थर ब्लेडने खरवडून, खालचं तांबं उघडं करून पुढच्या ठिकाणी जोडण्याशिवाय इलाज नाही. सगळ्यात राग त्याला नळाच्या कामाची पेस्ट वापरणाऱ्यांचा. तिच्यातलं झिंक क्लोराइड आज जोड चकचकीत करतं आणि काही महिन्यांनी त्याच जागी हिरवा गंज आणतं. असा बोर्ड तो टूथब्रशने आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून धुवायचा आणि धुताना मूळ कारागिराचं कूळ उद्धरायचा.

आयर्न कधी उचलायचं, हे शब्दांत सांगता येत नाही असं तो म्हणायचा आणि लगेच सांगायचाही. पिंप्राळ्याच्या रथाला तो तरुणपणी मोगरी लावायचा. लाकडी रथाला ब्रेक नसतो, चाकाखाली मोगरी सरकवूनच तो थांबवायचा आणि वळवायचा. लवकर लावली तर रथ अडतो, उशिरा लावली तर लोकांत घुसतो. "बिटचंबी तसंच," एवढंच तो म्हणायचा. एक अडचण मात्र तो नीट फोड करून समजावायचा. साठ-चाळीस कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंशांपासून साधारण १९० अंशांपर्यंत ना धड पातळ असतं ना घट्ट. थंड होताना त्या मधल्या क्षणी तार हलली की आत भेगा पडतात. वरून सगळं ठीक दिसतं. म्हणून मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीसचा पारा असतानाही, दुकानातला पंखा बंद असायचा. पंख्याचा वारा बिट गार करतो आणि तारही हलवतो. घाम टिपायला गळ्यात पंचा.

आता ती गोष्ट सांगतो जिच्यासाठी हे लिहायला बसलो. एका वर्षी मामाचेच डबे परत यायला लागले. लक्षण एकच: अर्धा तास चालतं, तापलं की पडदा काळा; थंड झालं की पुन्हा सुरू. मामाला गेम खेळता येत नसे. टेस्टिंगला क्रिकेट २००७ची एक डिस्क होती. ती लावून तो मशीन तसंच सोडून द्यायचा. पडद्यावर बॅट्समन स्टान्स घेऊन उभा, कोणी बटण दाबत नाही, आणि मामा घड्याळाकडे बघतोय. दुकानात थांबलं तर चालायचं, गिऱ्हाइकाच्या घरी गेलं की बंद. आधी त्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या चिपच्या लॉटवर संशय घेतला. चिप बदलून पाहिल्या. सोल्डरचं रीळ बदललं. भिंगाखाली बघावं तर जोड देखणे.

मामाला वही ठेवायची सवय होती: तारीख, नाव, मॉडेल, दोष, मजुरी. परत आलेल्या डब्यांच्या तारखा काढल्यावर काहीच जुळेना. मग त्याने नव्या कामापुढे वेळही लिहायला सुरुवात केली. काही आठवड्यांत पान बोलायला लागलं. "सकायी केलेला एकबी डबा वापस आलेला नही," तो मामीला म्हणाला. संध्याकाळचेच परत येत होते. महाराष्ट्रभर भारनियमनाची ती वर्षं होती. वीज जायची ते दिसायचं, पण असताना ती किती असते याकडे कोण बघतो? मामाने मीटर प्लगात घातलं. संध्याकाळी काटा १८०च्या आसपास. मग वेळेपुढे तो व्होल्टेजही लिहायला लागला.

त्याने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला, तो मी नंतर पाहिला. वॉट हे व्होल्टेजच्या वर्गाने घटतात. २३० व्होल्टला पंचवीस वॉट देणारं आयर्न १८०ला पंधराच देतं. दिव्याच्या बल्बला हे लगेच दिसतं, तो पिवळा पडतो. आयर्न तसं काही दाखवत नाही. सोल्डर वितळतं, चमकतं, कारण बिटवर ते पातळ होण्याइतकी उष्णता असतेच. खालचा पाय मात्र पुरता तापत नाही. त्यात नव्या स्लिम मॉडेलांचं कारखान्यातलं सोल्डर बिनशिशाचं, ते २१७ अंशांच्या पुढे वितळणारं. त्यामागेही एक कथा आहे. २००१च्या डिसेंबरात नेदरलँड्सने सोनीची १३ लाख पीएस वन मशिनं केबलमध्ये कॅडमियम सापडलं म्हणून अडवली होती, आणि १ जुलै २००६पासून युरोपने विजेच्या वस्तूंतलं शिसंच बंद केलं. दूरच्या त्या निर्णयाची आणि आपल्याकडच्या संध्याकाळच्या व्होल्टेजची गाठ पिंप्राळ्यातल्या एका ओट्यावर, बायॉसच्या एका पायावर पडली होती. वर मामाचं सोल्डर, खाली कारखान्याचं, मध्ये न मिसळलेला पापुद्रा. तापून बोर्ड किंचित फुगला की तेवढ्यात संपर्क तुटायचा.

उपाय दुकानातच पडलेला होता. जुन्या टीव्हींबरोबर आलेले स्टॅबिलायझर माळ्यावर धूळ खात होते. त्यातला एक उतरवून मामाने आयर्न त्याला लावलं. बारीक कामं तरीही सकाळीच ठेवली. सात ते दहा शटर अर्धं खाली. तोवर कोणी हाक मारली तर मामी बाहेर येऊन "थांबा, ते करंटमध्ये आहेत," असं सांगायची. हे वाक्य ऐकून पोस्टमन एकदा खरंच घाबरला होता.

पुढच्या काही वर्षांत काम आटलं. नवी मशिनं आली, त्यांना तारांनी फसवता येईना. ४ मार्च २०००ला जपानात निघालेल्या आणि जगभर १५ कोटींहून जास्त खपलेल्या पीएस टूचं उत्पादन सोनीने २०१३च्या सुरुवातीला थांबवल्याचं जाहीर केलं. मामाकडे तोवर जुन्या मशिनांची दुरुस्ती तेवढी येत राहिली. आणि मग त्याचा उजवा हात मांडीवर असताना थरथरायला लागला.

लोकांना वाटलं, आता संपलं. सोल्डरिंग करणाऱ्याचा हात! पण हा कंपवात होता, आणि त्याची थरथर बहुधा हात स्वस्थ असताना जास्त असते आणि काम करायला उचलला की कमी होते. मामाने आयर्न उचललं की हात स्थिर. बघणारे थक्क व्हायचे. त्याला गाठलं ते संथपणाने. बोटांना निघायलाच वेळ लागायचा. मोगरी लावायची वेळ कळायची, ती लागायची मात्र उशिरा. जोडांत सोल्डर जास्त यायला लागलं.

डॉक्टरांनी त्याला एक ओळ लिहून दाखवायला सांगितली. मामाने ती लिहिली आणि पिशवीतून वही काढून त्यांच्यासमोर ठेवली. मागची पानं उलटत तो दाखवत गेला: हे अक्षर बघा, हे बघा, इथून बारीक व्हायला लागलं. कंपवातात अक्षर लहान होत जातं, ते थरथरीच्याही आधी दिसू शकतं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पेशंटने स्वतः तारखेनिशी फॉल्ट कधीपासून आहे ते आणून दिल्याचं त्यांना अप्रूप वाटलं. त्यांनी वही बराच वेळ चाळली आणि ती ठेवत चला म्हणाले.

गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला चांगला गुण आला. मग गोळीचा असर चढायला आणि उतरायला लागला. घेतल्यावर काही वेळाने हात मोकळा व्हायचा, पुढच्या गोळीच्या आधी पुन्हा जखडायचा. मामाने नेहमीचंच केलं. त्याच वहीत, त्याच रकान्यात वेळ लिहायला घेतली: गोळी किती वाजता, हात कधी सुटला, कधी धरला. पूर्वी जिथे व्होल्टेज लिहायचा तिथे आता एक ते पाच असा आकडा असायचा. काम त्या मधल्या तासात. "याले स्टॅबिलायझर कुठी भेटते रे भाच्या?" तो एकदा म्हणाला आणि स्वतःच हसला. आम्ही हसलो नाही, त्याचं त्याला वाईट वाटलं.

शेवटच्या वर्षात मी गेलो की तो माझ्याकडून काम करून घ्यायचा. स्वतः शेजारी खुर्चीत. तोंडाने फार बोलणं होत नसे, आवाजही बसला होता. काडीने तार ढकलायची आणि ऐकायची जबाबदारी मात्र त्याने कोणाला दिली नाही. बीप अडखळला की तो भुवई उचलायचा. कान त्याचे शेवटपर्यंत तेज होते.

निमोनियाचं निमित्त झालं आणि मामा गेला. तेराव्यानंतर मामीने दुकान आवरायला मला बोलावलं. मांडणीवर गिऱ्हाइकांनी न नेलेली मशिनं होती. प्रत्येकावर चिकटपट्टीने नंबर, वहीत नाव. मी ती तारखेच्या क्रमाने उघडत गेलो. बाकी कोणाला त्यात काही दिसलं नसतं. सुरुवातीच्या बोर्डांवर तारा समांतर, वळणावर एकसारख्या दुमडलेल्या, जोड ज्वारीच्या कणीहूनही लहान. पुढे एका डब्यात एक तार जरा सैल. त्याच्या पुढच्यात ग्राउंडला दोनदा टेकल्याची खूण. मग सोल्डर वाढत गेलेलं, एका ठिकाणी पूल झालेला आणि तो काढलेला, सोल्डर टिपायच्या विकने ओढल्याचा डाग उरलेला. अक्षर बारीक होत गेलं होतं आणि जोड मोठे. दोन्ही एकाच माणसाच्या हातचे. मामा किती काळ कसा कसा जात राहिला, ते मला सुतकात कळलं नव्हतं, त्या दुपारी कळलं. शेवटच्या डब्यातला जोड बेढब होता, नवशिक्याचा म्हणून कोणीही हिणवावा असा. मी काडीने तार ढकलली. बीप तुटला नाही.

त्याच्या कसबाला काय म्हणावं, हे मी अजून ठरवलेलं नाही. मोठ्या शास्त्राचं ते नव्हतं, आणि जी वस्तू त्याने जिवंत ठेवली ती चोरीच्या डिस्का वाजवायची. पण जोडलेलं दिसणारं खरंच जोडलेलं आहे का, हे तपासायला इतका वेळ देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पाहीन असं वाटत नाही. खुद्द सोनीने जपानातली पीएस टूची दुरुस्ती २०१८च्या ऑगस्टअखेर बंद केली. मामा त्यानंतरही काही महिने करत होता.

दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मशिनं मी धुळ्याला आणली आहेत. काही चालतात, काहींची लेन्स गेली आहे, ती मिळाली तर बसवीन. पिंप्राळा हुडको, खोटेनगर, शिव कॉलनी भागात ज्यांनी त्या काळी ओट्यावरच्या दुकानात डबा टाकला आणि मग विसरले, त्यांनी तो घेऊन जावा. पावती नसली तरी चालेल, वहीत नाव आहे. मजुरी घेणार नाही.